महिलांच्या सूचना आराखड्यापर्यंत का पोहोचत नाहीत

एका शहराच्या नियोजन विभागातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वस्त्यांची सुरक्षितता सुधारण्याच्या योजनेसाठी विभागाने महिलांच्या बैठका घेतल्या. उपस्थिती चांगली होती, महिला मोकळेपणाने बोलल्याही. तरीही प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त जवळपास सारखेच निघाले. दिवे वाढवा, कॅमेरे बसवा, गस्त वाढवा. एवढ्यासाठी बैठकांची गरज होती का, महिलांच्या सहभागातून आराखडा खरोखर वेगळा कसा व्हावा, आणि तो उपयोगी ठरला हे कशावरून ओळखावे, असे विभागाला जाणून घ्यायचे आहे.

त्याच त्या मागण्या पुढे आल्या याचे कारण विचारलेल्या प्रश्नात आहे. सभागृहात बसवून "तुम्हाला काय हवे" असे विचारले, की कोणीही माणूस प्रशासन जे देऊ शकेल असे त्याला वाटते तेच मागतो, आणि दिवा, कॅमेरा व पोलीस हे प्रशासन नेहमीच देत आले आहे. रोजच्या वाटेवर आपण नेमके कुठे रस्ता ओलांडतो, कुठे पावले भरभर टाकतो, कोणत्या वळणावर उगाचच फोन कानाला लावतो, हे त्या महिलेला सभागृहात आठवत नाही, कारण हे सगळे सवयीने होत असते. नियोजनाला उपयोगी पडणारी माहिती मात्र नेमकी हीच असते. म्हणून मी सहभागाची कसोटी तीन गोष्टींवर लावतो. महिलांनी स्वतः पुरावा गोळा केलेला असावा. तो पुरावा नकाशा, अंदाजपत्रक आणि निविदा या तिन्ही कागदांवर दिसावा. आणि त्यातले जे वगळले जाईल त्याचे कारण वगळणाऱ्याने लेखी द्यावे. हे घडले नसेल तर फक्त बैठका झाल्या असे म्हणावे लागते.

नियोजनाचा नकाशा ठिकाणांचा असतो, भीतीचा अनुभव मात्र वाटेचा असतो. पोलीस नोंदी, तक्रारी आणि अपघातांची आकडेवारी ठिपक्यांच्या रूपात हाती येते, आणि मग ठिपक्यांवर उपाय केले जातात. प्रत्यक्षात घरातून निघून मुलाला शाळेत सोडणे, तिथून कामावर जाणे, परतताना औषध किंवा भाजी घेणे, वृद्ध नातेवाइकांकडे डोकावून घरी येणे, अशा एकमेकांत गुंतलेल्या छोट्या फेऱ्या जगभरात पुरुषांपेक्षा महिलाच अधिक करतात, आणि त्यातही पायी व सार्वजनिक वाहनाने अधिक करतात. या साखळीतला एक दुवा जरी नको वाटला तरी पूर्ण फेरी रद्द होते, किंवा लांबच्या रस्त्याने केली जाते, किंवा सोबत मिळेपर्यंत पुढे ढकलली जाते. न केलेल्या फेरीची नोंद कोणत्याही खात्याकडे नसते. एखाद्या रस्त्यावर गुन्हा घडत नाही याचे कारण तिथे महिलाच जात नाहीत हेही असू शकते, आणि गुन्ह्यांच्या नकाशावर तो रस्ता सर्वांत सुरक्षित दिसतो. या एका कारणासाठी तरी केवळ गुन्हेनोंदीच्या आधारे प्राधान्यक्रम ठरवू नये.

या अडचणीवर सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे महिलांनी स्वतः केलेली सुरक्षितता पाहणी. टोरोंटोतील मेट्रॅक या संस्थेने १९८९ मध्ये ही पद्धत मांडली. पुढे ती संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमांतून अनेक देशांत पोहोचली, आणि दिल्लीत जागोरी या संस्थेने ती दीर्घकाळ राबवली. पद्धत साधी आहे. पाच ते आठ महिलांचा गट त्यांनीच निवडलेल्या वाटेने, त्यांना ज्या वेळी तिथून जावे लागते त्याच वेळी, म्हणजे बहुधा अंधार पडल्यावर, चालत जातो, आणि जिथे काही खटकते तिथे थांबून काय व का खटकले हे नोंदवतो. सोबत रस्ते, विद्युत, उद्यान आणि वाहतूक विभागांचे अभियंते असावेत, परंतु त्यांनी चालताना बोलू नये, खुलासे तर मुळीच देऊ नयेत. हा नियम काटेकोरपणे पाळावा असा माझा आग्रह असतो, कारण "ते काम पुढच्या वर्षी मंजूर आहे" हे एक वाक्य ऐकल्यावर गटातल्या निम्म्या महिला त्या जागेबद्दल बोलणे सोडून देतात.

चालताना विचारण्याचे प्रश्नही बदलावे लागतात. "इथे भीती वाटते का" असे विचारले तर होय किंवा नाही एवढेच उत्तर येते. इथून पुढे जायचे नसेल तर कुठून वळाल, हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल, इथे दहा मिनिटे थांबावे लागले तर कुठे उभ्या राहाल, हाच रस्ता सकाळी वापरता का आणि मग संध्याकाळी का नाही, अशा प्रश्नांवर वस्तूंची मागणी बाजूला पडते आणि जागेचे वर्णन सुरू होते. माँट्रियल शहराने २००२ च्या आपल्या मार्गदर्शिकेत सुरक्षित रचनेची सहा तत्त्वे दिली आहेत, ती पाहणीसाठीही चांगली चौकट ठरतात: आपण कुठे आहोत आणि कुठे जात आहोत हे कळावे, आपल्याला दिसावे आणि आपण इतरांना दिसावे, ऐकू यावे आणि आपला आवाज ऐकला जावा, निसटता यावे आणि मदत मिळावी, परिसर स्वच्छ व आपलासा वाटणारा असावा, आणि लोकांनी मिळून कृती करावी. यातली पहिली पाच पाहणीच्या वहीत रकाने म्हणून घालता येतात. सहावे तत्त्व म्हणजे ती पाहणीच.

२०१३ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या सेफ्टीपिन या मोबाइल ॲपने प्रकाश, मोकळेपणा, दृश्यता, लोकांची वर्दळ, पदपथ, सार्वजनिक वाहतूक, त्या जागेतील स्त्री-पुरुषांचे प्रमाण अशा निकषांवर जागांना गुण देण्याची सोय केली. मोठ्या शहरात शेकडो किलोमीटर रस्त्यांची तुलना करून सुरुवात कुठून करावी हे ठरवण्यासाठी अशी साधने निश्चितच उपयोगी आहेत. मात्र गुण कमी का आहेत हे ॲप सांगत नाही, आणि फोन नसलेल्या किंवा घरातल्या इतरांबरोबर एकच फोन वापरणाऱ्या महिला त्यात दिसत नाहीत. त्यामुळे ॲपवरून रस्ते निवडावेत आणि निवडलेल्या रस्त्यांवर प्रत्यक्ष चालावे.

आता त्या तीन मागण्यांविषयी. त्या चुकीच्या नाहीत, अपुऱ्या मात्र आहेत, आणि चालताना त्यांचा खरा अर्थ उलगडतो. "दिवे हवेत" याचा अर्थ बहुतेक वेळा दिव्यांची संख्या कमी आहे असा नसतो. दिवे वाहनांच्या मार्गावर रोखलेले असतात आणि पदपथ झाडांच्या सावलीत असतो. किंवा एक दिवा इतका प्रखर असतो की त्याच्या पुढचे काळोखे अंतर अधिकच काळे वाटते. किंवा प्रकाश वरून सरळ खाली पडतो आणि समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. मेलबर्नमध्ये मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या साहाय्याने तरुण महिलांनी सांगितलेल्या जागांवर प्रत्यक्ष मोजमापे घेतली, तेव्हा अधिक तीव्र प्रकाश म्हणजे अधिक सुरक्षित वाटणे असा संबंध आढळला नाही. प्रकाशाचा समतोल, अनेक स्रोतांतून येणारा प्रकाश आणि रंग ओळखू येण्याची गुणवत्ता यांना अधिक महत्त्व होते. म्हणून अंदाजपत्रकात "अतिरिक्त दिवे" असे लिहिण्याऐवजी पदपथावर सलग प्रकाश, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर मोजलेली प्रकाशतीव्रता, आणि फांद्या दिव्यांच्या वर किंवा दिवे फांद्यांच्या खाली, असे लिहावे. समोरून येणाऱ्याचा चेहरा सुमारे चार मीटरवरून ओळखू यावा ही जुनी आणि कोणालाही रस्त्यावर उभे राहून तपासता येण्यासारखी कसोटी आहे. झुडपे साधारण एक मीटरच्या खाली आणि झाडांचा पसारा दोन मीटरच्या वर ठेवला की मधल्या पट्ट्यातून नजर आरपार जाते. यासाठी झाड तोडण्याची गरज नसते, हे उद्यान विभागाला आधीच सांगून ठेवावे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जिथे रात्री कोणी नसतेच आणि वाटेत मदत मिळण्याची शक्यताही नाही, अशा आडबाजूच्या पायवाटेवर लख्ख दिवे लावणे म्हणजे लोकांना चुकीचा भरवसा देणे आहे. तिथे पर्यायी वाट नीट करावी आणि ती ठळकपणे दाखवावी.

कॅमेऱ्यांबाबत मी अधिक साशंक आहे. सार्वजनिक ठिकाणच्या कॅमेऱ्यांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला आहे, आणि त्यात त्यांचा सर्वांत स्पष्ट परिणाम वाहनतळांवरील गुन्ह्यांवर दिसतो. हिंसक गुन्ह्यांवर तसा दिसत नाही. महिलांना रोज ज्याचा सामना करावा लागतो ते, म्हणजे शेरेबाजी, पाठलाग, गर्दीत मुद्दाम लागणारा धक्का, हे चित्रफितीत पकडणे आणि सिद्ध करणे अवघड असते. शिवाय चित्रण कोण पाहते, ते किती दिवस राहते आणि तक्रार करणाऱ्या महिलेला ते कसे मिळते, याची उत्तरे नसतील तर कॅमेरा घटनेनंतरच्या तपासासाठी असतो, घटना टाळण्यासाठी नव्हे. बसस्थानकासारख्या बंदिस्त जागी, जिथे पडद्यासमोर माणूस बसलेला असतो आणि त्याला दोन मिनिटांत तिथे कोणाला पाठवता येते, तिथे त्यांचा उपयोग आहे. निधी मर्यादित असेल तर तो आधी माणसांच्या उपस्थितीवर खर्च करावा.

रस्त्यावर राहणाऱ्या, बसणाऱ्या, विकणाऱ्या लोकांची नजर हीच रस्त्याची मुख्य राखण असते, हा विचार शहरांविषयी लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये मांडला आणि तो नियोजनशास्त्रात रुजला. त्यातून निघणाऱ्या सूचना आजही लागू पडतात: लांबलचक कोऱ्या कुंपणभिंती नकोत, तळमजल्यावर रस्त्याकडे उघडणारी दारे व खिडक्या हव्यात, आणि रस्ता "मोकळा" करण्याच्या मोहिमेत रात्री उशिरापर्यंत बसणारे विक्रेते हटवताना त्यांच्यासोबत रस्त्याची वर्दळही जाते हे विसरू नये. केप टाउनच्या खायेलित्शा या वस्तीत हिंसाप्रतिबंधाच्या कार्यक्रमाखाली पायी वर्दळीच्या वाटांवर ठराविक अंतराने छोट्या इमारती बांधल्या गेल्या. त्यांत वस्तीतल्या माणसाची राहण्याची सोय, लहान दुकान किंवा सामुदायिक खोली असते, आणि त्यामुळे वाटेवर कुठेतरी दिवा लागलेला आणि कोणीतरी जागे असण्याची खात्री मिळते. मात्र हा सगळा विचार बिनशर्त स्वीकारू नये. बघणारे डोळे कोणाचे आहेत याने फरक पडतो. ज्या चौकात फक्त पुरुषांचे घोळके बसतात तिथे डोळे भरपूर असतात आणि मुली तिथूनच जाणे टाळतात. आणि काही वस्त्यांत हेच डोळे मुलगी कोणासोबत आणि किती वाजता आली याचा हिशेब ठेवतात. त्यामुळे केवळ वर्दळ मोजू नये; वर्दळीत महिला किती, आणि त्यातल्या थांबलेल्या किती, हे मोजावे.

थांबणे आणि जाणे यांतला हा फरक सर्वांत स्पष्टपणे व्हिएन्नाने दाखवला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील उद्यानांच्या अभ्यासात असे आढळले की साधारण नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुली उद्यानांत येईनाशा होतात. मुलींनी तक्रार केली नव्हती. सोडून दिलेल्या जागेबद्दल कोणी तक्रार करत नाही. पाहिल्यावर कारण दिसले ते जागेच्या वाटपात होते. मोकळ्या जागेचा मोठा भाग जाळीने बंद केलेल्या चेंडूच्या मैदानांनी व्यापला होता, त्यांना आत जायला एकच अरुंद दार होते, आणि मोठी मुले आत असली की त्या दारातून पुढे जाणे म्हणजे त्यांच्या परवानगीने जाणे होते. १९९९ मध्ये आइनसीडलरपार्क आणि ब्रुनो क्राइस्की पार्क या दोन उद्यानांत प्रयोग झाला. मैदानांना अधिक आणि रुंद वाटा दिल्या, एका मोठ्या जागेचे लहान भाग केले, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनसारख्या खेळांना जागा दिली, पायवाटा व प्रकाश सुधारला. मुलींची उपस्थिती वाढली. या उदाहरणात पोलीस नाही, कॅमेरा नाही आणि फारसा खर्चही नाही; दारांची संख्या आणि रुंदी बदलली. उद्यानाच्या आराखड्यावर चर्चा करताना मी म्हणूनच प्रथम खेळाच्या साहित्याची यादी बाजूला ठेवतो आणि प्रत्येक जागेतून बाहेर पडायला किमान दोन वाटा आहेत का हे पाहतो. बाकांबाबतही तेच. एकटीने बसायचे, मैत्रिणींबरोबर समोरासमोर बसायचे आणि मुलावर लक्ष ठेवत बसायचे, यांसाठी बाकांची मांडणी वेगवेगळी लागते, आणि भिंतीला पाठ लावून पूर्ण जागा दिसेल असे बाक आधी भरतात हे कोणत्याही उद्यानात पाहता येईल.

भुयारी मार्गांबाबत स्वीडनमधील उमेओ शहराचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथे २०१२ मध्ये रेल्वेखालून जाणारा पादचारी मार्ग नव्याने बांधताना तो रुंद ठेवला, चढ सौम्य केला, कोपरे गोलाकार केले, जेणेकरून वळणापलीकडे कोण आहे हे आधी दिसावे, आणि काचेच्या भिंतींवर प्रकाशासह साहित्यातील उताऱ्यांची मांडणी केली. यातले सौंदर्य दुय्यम आहे. मार्गात शिरण्यापूर्वी दुसरे टोक दिसते आणि आत शिरल्यावर परत फिरता येते, या दोन गोष्टी महत्त्वाच्या. अरुंद भुयार, लांब पादचारी पूल, दोन्ही बाजूंनी भिंती असलेली गल्ली, या सर्वांचा दोष एकच असतो: आत शिरलेली व्यक्ती कुठून बाहेर पडणार हे कोणालाही आधीच ठाऊक असते. नवीन रस्त्याच्या आराखड्यात भुयार सुचवले गेले असेल तर जमिनीवरूनच रस्ता ओलांडण्याची सोय का होऊ शकत नाही, हा प्रश्न प्रथम विचारावा.

स्वच्छतागृहांबद्दल थोडक्यात: प्रवेश वर्दळीच्या बाजूला असावा, आडोशाची भिंत अशी असावी की तिच्यामागे कोणी उभे राहिले तर बाहेरून पाय दिसावेत, महिलांसाठी कक्षांची संख्या पुरुषांइतकी नव्हे तर अधिक असावी कारण त्यांना वेळ अधिक लागतो, आणि रात्रीच्या वेळेचे कर्मचारी मंजूर नसतील तर इमारत मंजूर करू नये.

आता कोणाला बोलवायचे याविषयी. "महिला" हा एक गट नाही. शाळेतल्या मुली, पहाटे कामावर जाणाऱ्या सफाई कामगार, रात्रपाळीच्या परिचारिका, रस्त्यावर विक्री करणाऱ्या, चाकाची खुर्ची वापरणाऱ्या, नव्याने शहरात आलेल्या आणि तिथली भाषा न येणाऱ्या, या प्रत्येकीची वाट आणि वेळ वेगळी असते. सर्वसाधारण बैठकीला ज्या येतात त्या बहुधा मध्यमवयीन, मोकळा वेळ असलेल्या आणि कोणत्या तरी संघटनेशी जोडलेल्या असतात. त्यांचे म्हणणे खरे असते, पण ते सर्वांचे नसते. लहान, वेगळे गट घ्यावेत. वेळ त्यांनी ठरवावी. मुलांना सांभाळण्याची सोय त्याच जागी करावी. आणि रोजंदारी बुडवून येणाऱ्यांना मानधन द्यावे. सल्लागार कंपनीला शुल्क देताना कोणाला संकोच वाटत नाही, तर माहिती देणाऱ्या महिलेला देताना तो का वाटावा, हे मला कधी समजलेले नाही. किशोरवयीन मुलींचे गट त्यांच्या आयांच्या उपस्थितीत घेऊ नयेत.

याच टप्प्यावर एक धोका आहे, आणि तो बहुतेक मार्गदर्शिकांमध्ये पुरेसा सांगितलेला नसतो. एखादी मुलगी नकाशावर एका जागेला लाल खूण करते, ती माहिती घरी कळते, आणि उपाय म्हणून तिचेच तिथे जाणे बंद होते. सहभागाने तिची मोकळीक वाढण्याऐवजी आटली. दुसरा धोका असा की असुरक्षित जागांचा नकाशा प्रसिद्ध होतो आणि एखाद्या गरीब वस्तीवर शिक्का बसतो. मग तिथल्या तरुणांची झडती वाढते, पण पदपथ मात्र तसाच राहतो. म्हणून खुणांसोबत नावे नोंदवू नयेत, कच्चा नकाशा कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नये, आणि प्रसिद्ध करायचाच असेल तर "असुरक्षित जागा" असा न करता "दुरुस्तीची कामे" असा करावा. एखादीने प्रत्यक्ष अत्याचाराबद्दल सांगितले तर पुढे काय करायचे, कोणत्या मदत केंद्राकडे तिला तिच्या संमतीने पोहोचवायचे, हे पाहणी सुरू होण्याआधी ठरलेले असावे.

पाहणीनंतर आराखडा तयार होतो आणि इथेच बहुतेक प्रकल्पांत महिला बाहेर राहतात, कारण नकाशा वाचणे हे शिकावे लागणारे कौशल्य आहे आणि तो वाचता येत नाही हे सांगणे अवघड जाते. अशा वेळी आराखडा प्रत्यक्ष जागेवर खडूने किंवा दोरीने पूर्ण मापात आखावा. तीन मीटर रुंद वाट किती असते हे तिच्यावर दोन मुलांसह चालल्याखेरीज कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हॅबिटॅट संस्थेने २०१२ पासून माइनक्राफ्ट या ठोकळे रचण्याच्या संगणकीय खेळाच्या साहाय्याने रहिवाशांकडून सार्वजनिक जागांची रचना करून घेण्याचा ब्लॉक बाय ब्लॉक हा उपक्रम चालवला आहे, आणि तरुण मुलींना त्यात गती लवकर येते. वयस्कर महिलांसाठी पुठ्ठ्याची प्रतिकृती अधिक बरी.

त्यानंतरचा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून तो टाळला जातो, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. पाहणीतील प्रत्येक निरीक्षणाचे रूपांतर कामाच्या बाबीत व्हायला हवे: काय, किती, कुठे, कोणत्या विभागाचे, कोणत्या वर्षाच्या निधीतून. "शाळेमागची गल्ली नको वाटते" हे निरीक्षण निविदेत जाऊ शकत नाही. "शाळेमागील कुंपणभिंतीचा वरचा भाग काढून तिथे आरपार दिसणारी जाळी, गल्लीत पदपथाच्या उंचीचे दिवे, मागच्या दाराच्या वेळा वाढवणे" हे जाऊ शकते. अशा बाबींच्या तक्त्यात शेवटचे दोन रकाने स्वीकार आणि नकाराचे कारण असे असावेत, आणि तो तक्ता त्याच महिलांच्या गटापुढे पुन्हा ठेवावा. खर्च आवाक्याबाहेर गेला की कपातीत प्रथम बाक, स्वच्छतागृह आणि पदपथावरचे दिवे जातात; वाहनमार्गाचे डांबर सहसा जात नाही. म्हणून कपातीच्या बैठकीत या गटाच्या दोन प्रतिनिधी असाव्यात, हे प्रकल्पाच्या सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यावे.

सुरुवातीपासून महिला निर्णयात असल्या तर काय घडते याचे चांगले उदाहरण पुन्हा व्हिएन्नातच आहे. फ्लोरिड्सडॉर्फ भागातील फ्राउएन वेर्क श्टाट हा ३५७ घरांचा प्रकल्प १९९७ मध्ये पूर्ण झाला. त्याची रचना महिला वास्तुरचनाकारांनी केली, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरकाम आणि संगोपन करणाऱ्यांची गरज रचनास्पर्धेच्या अटींमध्येच लिहिलेली होती. जिन्यांना नैसर्गिक प्रकाश, घरांतून अंगणावर नजर, मजल्यावरच बाळगाडी ठेवण्याची जागा, संकुलातच बालवाडी, या गोष्टी नंतरची भर म्हणून आलेल्या नाहीत. महिला अभियंते आणि रचनाकार संख्येने वाढावेत हे योग्यच आहे. परंतु त्यांच्या हाती जुन्याच अटींचा कागद दिला तर आराखडाही जुनाच तयार होतो.

सगळे उपाय बांधकामाचे असतात असेही नाही. टोरोंटोत १९९१ पासून रात्री एकटीने प्रवास करणाऱ्या महिलेला दोन थांब्यांच्या मध्ये, घराच्या अधिक जवळ, बस थांबवून उतरण्याची सोय देण्यात आली, आणि माँट्रियलने १९९६ मध्ये तशीच सोय केली. यासाठी चालकांना एक सूचना आणि थोडे प्रशिक्षण लागले. स्वीडनमधील कार्ल्सकोगा शहराने बर्फ हटवण्याचा क्रम उलटा केला, मुख्य रस्त्यांआधी पदपथ आणि सायकलमार्ग, कारण सकाळी मुलांना सोडायला पायी निघणाऱ्यांत महिला अधिक होत्या आणि घसरून पडणाऱ्यांत पादचारी अधिक. बर्फ नसलेल्या शहरांत या जागी पाणी तुंबणे, कचरा उचलणे आणि बंद दिव्यांची दुरुस्ती येते. देखभालीच्या वेळापत्रकात कोणता रस्ता पहिला आहे हे एकदा तपासून पाहावे; बहुतेक शहरांत ते वाहनसंख्येवर ठरलेले आढळेल.

उपयोग झाला का, हे मोजताना तक्रारींच्या आकड्यावर विसंबू नये. विश्वास वाढला की तक्रारी सुरुवातीला वाढतात, आणि वरिष्ठांना ते अपयश वाटते. त्यांना हे आधी सांगून ठेवावे. त्याऐवजी कामाच्या आधी आणि नंतर त्याच जागी, त्याच वारी, त्याच तासांना प्रत्यक्ष मोजणी करावी: किती जणी गेल्या, किती थांबल्या, किती एकट्या होत्या, अंदाजे वय काय, सोबत लहान मूल किंवा वृद्ध होते का. काम झाल्यावर लगेच केलेली मोजणी नवलाईची असते, म्हणून सहा महिन्यांनी आणि ऋतू बदलल्यावर ती पुन्हा करावी. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील ११.७ या लक्ष्यात २०३० पर्यंत सर्वांना, विशेषतः महिला, मुले, वृद्ध आणि अपंग व्यक्तींना, सुरक्षित सार्वजनिक जागा उपलब्ध व्हाव्यात असे म्हटले आहे, आणि त्याचा एक निर्देशक गेल्या बारा महिन्यांत छळ अनुभवलेल्या व्यक्तींचे प्रमाण हा आहे. त्यासाठी घरोघरी सर्वेक्षण लागते आणि एका वस्तीच्या प्रकल्पाला ते परवडत नाही. शहराच्या पातळीवर मात्र ते करून घ्यावे.

या कामाकडून किती अपेक्षा ठेवावी हेही स्पष्ट असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार जगातील जवळपास तीनपैकी एका महिलेला आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते, आणि त्यातली बहुतांश हिंसा जोडीदाराकडून होते. ती पथदिव्यांनी कमी होत नाही. वस्तीची रचना तिथे एवढेच करू शकते की घराबाहेर पडलेल्या महिलेला जवळच, रात्रीही उघडे असलेले, कोणाला कारण न सांगता जाता येईल असे ठिकाण असावे. आराखड्यात मदत केंद्राची जागा निवडताना ती पोलीस ठाण्याच्या आवारातच का ठेवली जाते, हा प्रश्न त्या महिलांनाच विचारून पाहावा.

आपल्या विभागासाठी माझी सूचना अशी की झालेल्या बैठकांची इतिवृत्ते टाकून देऊ नयेत. त्यांत ज्या रस्त्यांची नावे वारंवार आली आहेत त्यांतून बसथांब्यापासून घरांपर्यंत जाणारी एकच वाट निवडावी, सुमारे एक किलोमीटरची. तिच्यावर दोन वेगळ्या गटांसोबत, दोन वेगळ्या वेळी चालावे. जी कामे चालू देखभालीच्या निधीतून होऊ शकतात, म्हणजे फांद्या छाटणे, दिव्यांची दिशा बदलणे, खड्डे बुजवणे, बंद पडलेले दार उघडणे, ती महिन्याभरात करून त्याच गटाला दाखवावीत. इतक्या लवकर काहीतरी झालेले दिसले नाही तर दुसऱ्या पाहणीला त्या येणार नाहीत, आणि त्यांनी का यावे हा प्रश्नही रास्तच आहे. भिंती, मैदाने, थांब्याची जागा अशी मोठी कामे पुढील अंदाजपत्रकात घ्यावीत, आणि कंत्राटदाराचे अंतिम देयक मंजूर करण्यापूर्वी अंधार पडल्यावर त्या गटासोबत एक फेरी मारण्याची अट निविदेतच घालावी.